सनाच्या वाचनवहीखालचे नऊ मुद्दे

प्रिय सना आणि इलियास,

कॉलेजसाठी मी श्रीवर्धनहून मुंबईला निघाले, त्या सकाळी माझे अब्बा एसटीच्या खिडकीशी उभे राहून सूचना देत होते : आठवड्याला एक खत, वर तारीख, डावीकडे समास. अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "समदं लिव गो. काय खाल्लंस, कोन काय बोललं, समदं."

पहिलं खत सहा पानांचं झालं. वसतिगृहातली पाणीदार डाळ, माझ्या बोलण्याला हसणाऱ्या मुली, वाचनालयातून आणलेली पहिली इंग्रजी कादंबरी, सगळं एका दमात. आठवड्याने ते परत आलं, लाल पेन्सिलीच्या खुणांसह. 'विषयांतर.' 'आधी अभ्यास, मग जेवण.' अब्बा सुपारीचे व्यापारी. माल निवडावा तसा त्यांनी माझा मजकूर निवडला होता. त्यांची माया अशीच. पण त्यानंतर मी चारच ओळी लिहू लागले. खुशाल आहे, परीक्षा जवळ आली, सर्वांना सलाम. अब्बा त्या अम्मीला वाचून दाखवत.

सुट्टीत गेले तेव्हा तांदूळ पाखडताना ती म्हणाली, "तुजं खत चूल पेटायच्या आदीच सरतंय." मी हसले. तिला लागलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे मी इंग्रजीची शिक्षिका झाले, नेरुळला घर केलं, आणि तुमचे अब्बू तुम्हाला घेऊन दोह्याला गेले. सना, तुझ्या शाळेच्या ऑनलाइन वाचनवहीची लिंक तू पाठवलीस, तेव्हा मी चष्मा पुसून बसले आणि तुझ्या नोंदीखाली नऊ मुद्दे लिहिले, आकडे घालून. लेखकाचं नाव नाही. कथानक आधी, मत नंतर. पुढच्या नोंदीत नाव होतं, कथानक होतं आणि शेवटी 'चांगलं पुस्तक'. मग दोन आठवडे काहीच नाही.

मी फोन केला. "दादी, सगळा क्लास वाचतो ते! मिस विचारत होत्या, या इन्स्पेक्टर कोण?" मागून इलियास ओरडला, "नाइन पॉइंट्सवाली दादी!"

फोन ठेवला आणि अम्मीचं ते चुलीचं वाक्य आठवलं. मी हुबेहूब अब्बा झाले होते. कसं पुसायचं ते तुमच्या अब्बूंना विचारून नऊही मुद्दे एकेक करून पुसले.

काल तुझी नवी नोंद आली. शेवटापासून सुरू, मध्येच दोह्याचं ऊन, गोष्टीतल्या मावशीवर भरपूर राग, लेखकाचा पत्ता नाही. बोटं शिवशिवली. पण खाली एवढंच लिहिलं, "मग त्या मावशीला कुणी काही बोललं नाही?" तुझं उत्तर नोंदीपेक्षा लांब आलं.

घर कुठलं असं विचारलं की मी आधी श्रीवर्धन म्हणे, मग नेरुळ म्हणू लागले. आता वाटतं, आपलं बोलणं उलटंसुलटं आलं तरी ते संपू नये असं जिथे कुणाला वाटतं, ते घर. मावशीवर माझाही राग आहे, सना. पण तिने तसं का केलं, ते तू अजून सांगितलं नाहीस. सांग.