बसल्या जागी घेतलेलं रीडिंग

निवृत्त होऊन आठ महिने झाल्यावर मी एके दिवशी फर्स्ट शिफ्टला गेलो.

पहाटे उठलो, दाढी केली, डब्यात ब्रेड आणि केळं भरलं, स्कूटर काढली आणि बदलापूरच्या खरवईहून थेट अंबरनाथच्या एमआयडीसीत, कंपनीच्या गेटवर. वॉचमन नवा होता. कोणाला भेटायचंय, म्हणाला. मी म्हटलं, बॉयलरला. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं आणि ‘भेटीचे कारण’ या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे पेन टेकवल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे कारण नाही. मग मी वॉचमनला टाइम विचारला, जणू तेवढ्यासाठीच बदलापूरहून आलो होतो, आणि परत फिरलो. केळं वाटेत खाल्लं.

आपल्या फजितीची गोष्ट दुसऱ्याने सांगायच्या आत आपण सांगून टाकावी, हा माझा जुना नियम. पहिला श्रोता म्हणजे आमची ही. ती नेमकी चुकीच्या जागी हसायची, पण हसायची. माझ्या निवृत्तीनंतर पाच महिन्यांनी ती गेली आणि तेव्हापासून माझ्याकडे गोष्टींचा साठा तुंबला होता. म्हणून ही गेटची गोष्ट मी फोनवरून पुण्याला मुलीला सांगितली. वॉचमनचा आवाज काढला, माझा चेहरा कसा झाला तेही सांगितलं. पलीकडून काहीच नाही. मला वाटलं, रेंज गेली.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही इकडे या. कायमचे.”

आता पुण्याचं असं आहे, की तिथे माझ्यासाठी हॉलमध्ये सोफा-कम-बेड आहे. जावई सज्जन. इतका सज्जन, की मी असलो की टीव्हीचा आवाज कमी करतो. मी ‘असू दे रे’ म्हटलं की आणखी कमी करतो. इथे माझ्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये निदान मसाल्याच्या डब्यांवर हिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. धण्याच्या डब्यात हल्ली मी स्क्रू ठेवतो, पण वर ‘धणे’ आहे. हे मुलीला सांगता येईना. मी नुसतं ‘नाही’ म्हटलं.

बराच घोळ झाल्यावर सौदा ठरला. डोकं ठिकाणावर राहावं म्हणून तिने पाच सवयी सांगितल्या. तीन महिने त्या पाळायच्या आणि दर रविवारी तिला हिशोब द्यायचा. जमलं तर मी माझ्या घरात. नाही जमलं तर ती येऊन बॅग भरणार.

सवयी साध्या होत्या. उठल्यावर तासभर मोबाइलला हात लावायचा नाही. दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. अर्धा तास चालायचं. दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहून काढायच्या. आणि रोज एका माणसाशी दहा मिनिटं बोलायचं. ही पाचवी तिने सावकाश सांगितली. समोरासमोर, बाबा. फोनवर नाही. आणि दूधवाला धरायचा नाही.

मी बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस. कंपनीत दर तासाला लोखंडी शिडी चढून वाफेचा दाब, पाण्याची पातळी, तापमान बघायचं आणि शीटवर लिहायचं असतं. मी तशीच शीट आखली. वर तारखा, खाली पाच रकाने, शेवटी सही. ‘शिफ्ट इन्चार्ज’ म्हणून सही मीच केली.

पहिल्या आठवड्यात मी मोबाइल तांदळाच्या डब्यात लपवला आणि तो वाजला तेव्हा आवाज कुठून येतोय हे शोधत शेजारच्या दारापर्यंत गेलो. श्वासाकडे लक्ष देताना तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागायचो. पण घोरणं हाही श्वासच, म्हणून टिक केली. चालण्यासाठी उल्हासनगरला जाऊन बूट आणले. दुकानदार म्हणाला, “चाचा, एक्स्पोर्ट का माल है, पहाड चढ जाओ.” पहाडाचं माहीत नाही, चौथ्या दिवशी उद्यानाच्या सपाट रस्त्यावर उजव्या बुटाने तोंड उघडलं. तीन चांगल्या गोष्टींत पहिल्या दिवशी मी लिहिलं: लिफ्ट चालू होती. दुसऱ्या दिवशी: लिफ्ट अजून चालू आहे. तिसऱ्या दिवशी लिफ्ट बंद पडली आणि मला सुचेचना.

तरी हे चार रकाने खरे होते. अडलं पाचव्यापाशी.

आमच्या मजल्यावर चार दारं. एक फ्लॅट कोणीतरी गुंतवणुकीसाठी घेऊन ठेवलेला, कुलूपबंद. एकात नवराबायको, दोघंही उजाडायच्या आत कामाला जातात आणि अंधार पडल्यावर येतात. त्यांच्या चपला मी चेहऱ्यांपेक्षा चांगल्या ओळखतो. तिसऱ्या दारातल्या बाई मला ‘सातशेतीन’ म्हणतात. “सातशेतीन, तुमचं पार्सल आलंय.” एवढंच, आणि पार्सलही चुकून आलेलं. दहा मिनिटं म्हणजे किती असतात, हे बोलायला माणूस नसल्यावर कळतं. मी वाण्याकडे रवा बारीक की जाडा यावर चर्चा ताणून पाहिली. दोन मिनिटांत मागे चार गिऱ्हाइकं उभी.

पहिला रविवार आला. पाचवा रकाना सातही दिवस कोरा. कोरा पाठवला तर सोमवारी बॅग.

आमच्या बॉयलर हाउसात काही ऑपरेटर शिडी न चढता खुर्चीत बसून, मागच्या तासाचा आकडा जरा वरखाली करून लिहायचे. त्याला आम्ही बसल्या जागचं रीडिंग म्हणायचो. ते पकडायची खूण एकच: ते फार देखणं असतं. खरा काटा कधी उसळतो, कधी अडकतो. खुर्चीतला काटा शहाण्यासारखा वागतो. त्यापायी मी दोघांना मेमो दिलाय. मुलीच्या लहानपणी जेवताना हे व्याख्यान तिने शंभरदा ऐकलंय.

तर त्या रविवारी मी खुर्चीत बसलो आणि लिहिलं: ‘उद्यानात एका गृहस्थांची ओळख झाली. बारा मिनिटं.’

गृहस्थ अगदीच खोटे नव्हते. कानटोपी घातलेले एकजण रोज उद्यानात चालायचे. मी घड्याळाच्या दिशेने फेऱ्या मारायचो, ते उलट्या. त्यामुळे प्रत्येक फेरीत आम्ही दोनदा समोरासमोर यायचो, आणि दोनदा दोघंही झाडांकडे बघायचो.

मुलीला इतका आनंद झाला की मला थांबता येईना. पुढच्या आठवड्यात गृहस्थ पोस्टातून रिटायर झाले. त्यांना कानटोपी होतीच, मिशीही आली. त्यांचा गुडघा दुखायला लागला. मुलीने विचारलं, राहतात कुठे? मी म्हटलं, हेंद्रेपाड्यात. मुद्दाम रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेला टाकले. पूर्वेला ठेवले असते तर ती म्हणाली असती, चहाला बोलवा. ती म्हणाली, एवढा पूल ओलांडून रोज इकडे चालायला येतात? मी म्हटलं, चालण्याची आवड. ती म्हणाली, गुडघा दुखत असून? मी म्हटलं, तेच मी त्यांना सांगतो.

हळूहळू रविवारचे फोन छोटे झाले. आधी ती अर्धा तास बोलायची. आता शीटचा फोटो बघून म्हणायची, वा, छान चाललंय, काकांना नमस्कार सांगा. आणि ठेवायची. मी फोन हातात धरून बसायचो. मग एकटाच बसलोय म्हणून पुढच्या आठवड्याचं रीडिंग आधीच भरून टाकायचो. सोमवारी लिहायचं ते रविवारी दुपारीच तयार. गृहस्थ बोलायचे छान.

तीन महिने संपायला एक आठवडा राहिला असताना मुलगी न कळवता आली. शनिवारी सकाळी दारात उभी, हातात गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली. म्हणाली, चला, मीही येते चालायला.

मी पाय दुखतोय म्हणालो. ती म्हणाली, तुमचा की त्यांचा? मग गेलोच. वाटेत मी सांगून टाकलं, की गृहस्थ बहुतेक गावी गेलेत. आणि उद्यानाच्या दारातून आत शिरलो तर समोरून कानटोपी.

मी झाडाकडे बघितलं. मुलीने माझ्याकडे, कानटोपीकडे बघितलं आणि थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“नमस्कार काका. गुडघा कसा आहे आता?”

ते थांबले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे, मग माझ्याकडे. त्यांना मिशी नव्हती.

“बरा आहे,” ते म्हणाले. “दोन्ही बरे आहेत. आपण कोण?”

ती सॉरी म्हणाली, माणूस चुकला म्हणाली. मग आम्ही दोघांनी दोन फेऱ्या मारल्या, म्हणजे आणखी चारदा ते समोरून आले. दर वेळी ते आमच्या जवळ आले की जरा जपून पाऊल टाकत होते. एरवी मी यावर हसून हसून मेलो असतो.

घरी आल्यावर तिने सगळ्या शीट मागितल्या आणि ओट्याशी उभी राहून पाचवा रकाना पहिल्यापासून वाचायला घेतला. फोटोत तिने टिकच्या खुणा बघितल्या होत्या, अक्षरं इतकी नीट वाचली नव्हती. मी चहा टाकला. ती रागावेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. रागावली नाही. बराच वेळ वाचून म्हणाली, “हे तुमचे गृहस्थ चहात आलं किसून घालत नाहीत. ठेचून घालतात.”

“असतं एकेकाचं,” मी म्हटलं.

“जिना चढताना डावा गुडघा दुखतो. उतरताना नाही.”

“हो.”

“आणि खोलीतून बाहेर पडताना म्हणतात, पंखा बंद करा, भिंतींना वारा कशाला.”

मी गॅस बारीक केला.

“बाबा, ही आई आहे.”

मी वाद घातला. कबूल करतो, मी चक्क वाद घातला. त्यांना मिशी आहे, ते पोस्टात होते, नीट वाच, असं म्हणत मी तिच्या हातातला कागद घेतला आणि चष्म्याशिवाय वाचायला लागलो. ओळखीचं होतं सगळं. भाजीत मीठ कमी पडलं तर स्वतः काही बोलायचं नाही, आपण म्हणेपर्यंत थांबायचं. पेरूच्या बिया काढून खायच्या. पेपरातलं भविष्य वाचायचं ते स्वतःचं सोडून दुसऱ्या सगळ्यांचं. आई शप्पथ, लिहिताना मला हे दिसलं नव्हतं. मला वाटत होतं मी डोकं चालवून माणूस रचतोय. इतकी वर्षं मी जवळून दुसरं कोणाला बघितलंच नव्हतं, मग रचणार कशातून?

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला आणि ओटा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला वाटलं तुम्हाला कोणीतरी मिळालंय. म्हणून मी फोन कमी केले.”

मला बरोबर माहीत होतं. किती मिनिटांचे किती झाले, तेही माहीत होतं.

सौदा म्हणजे सौदा. मी खुर्चीवर चढून माळ्यावरची बॅग काढायला लागलो. ती म्हणाली, आधी खाली उतरा, पडाल. उतरलो. म्हणाली, बॅग राहू दे. आणखी तीन महिने शीट पाठवा. कोरी असेल तर कोरी पाठवा. मी म्हटलं, आणि कोरीच राहिली तर? त्यावर तिने तेलाच्या बाटलीचं बूच काढून परत घट्ट लावलं.

“पण आईला त्या रकान्यात नका लिहू,” ती म्हणाली. “तिचं मला फोनवर सांगा.”

रविवारी दुपारी ती गेली. सोमवारी मी रकान्यात आडवी रेघ मारली. मंगळवारी रेघ. खोटं लिहायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता. रेघ मारायला पाच मिनिटं लागायची. बुधवारी उद्यानात कानटोपी समोरून आली तेव्हा मी झाडाकडे न बघता मध्येच उभा राहिलो. म्हटलं, शनिवारबद्दल माफ करा, मी मुलीला सांगितलं होतं की आपली ओळख आहे.

ते म्हणाले, “आहे का?”

मी म्हटलं, नाही.

“हं,” ते म्हणाले आणि बाजूने पुढे गेले. पुढच्या फेरीत त्यांनी झाडाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

रविवारी फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. ती म्हणाली, सहा रेघा दिसतायत, पण बुधवारी अर्धं मिनिट लिहिलंय, हे काय? मी घडलं ते सांगितलं. ती म्हणाली, एवढ्या बोलण्याला अर्धं मिनिट लागतं? मी म्हटलं, थोडं वर ओढलंय. खरं म्हणजे पंधरा सेकंद.

“मग पंधरा लिहा.”

मी पेन घेऊन खोडलं आणि पंधरा लिहिलं. लिहिलं म्हणून सांगितलं. मला वाटलं आता ती ठेवेल. मी फोन कानापासून जरा दूरही धरला होता.

“आता आईचं सांगा,” ती म्हणाली. “काहीही. मला घाई नाहीये.”

तीन महिने तेवढंच लिहीत होतो, तोंडपाठ होतं सगळं. पण ते आधीच वाचलेल्या माणसाला पुन्हा कसं सांगायचं? मी उठून ओट्याशी गेलो, डब्यांसमोर उभा राहिलो, आणि तिने अजून न ऐकलेलं असं काय उरलंय, ते शोधायला लागलो. पलीकडे ती थांबली होती. या खेपेला मी रेंज गेली का म्हणून विचारलं नाही.