गावात कुठे?

माझ्या मुलाखतीच्या खुर्च्या मीच लावल्या.

केअरटेकर आजारी होता. प्रिन्सिपलबाईंनी दारातून डोकावून सांगितलं, "यू डोन्ट माइंड, डू यू? यू नो वेअर एव्हरीथिंग इज." ठाऊक होतंच. लंडनमधल्या हाउन्सलोच्या त्या कॉलेजातला खेळाचा विभाग तीन वर्षं मीच चालवत होते. पदाचं नाव 'ॲक्टिंग हेड'. बुधवार दुपारची ॲथलेटिक्सची प्रॅक्टिस, कौन्सिलचा ट्रॅक बुक करणं, कोचेसची टाइमटेबलं, सोळा-सतरा वर्षांच्या पोरींना मिनीबसमध्ये घालून स्पर्धेला नेणं, सगळं माझ्याकडे. आता ते पद कायमचं भरणार होते. उमेदवार दोन. मी, आणि एका खाजगी शाळेतून आलेला मार्क.

टेबलापलीकडे तीन खुर्च्या ठेवल्या, अलीकडे एक. बाहेर जाऊन ब्लेझर घातला. नाव पुकारल्यावर आत आले आणि त्या एकीवर बसले.

समोर प्रिन्सिपलबाई, एचआरची बाई आणि कॉलेजच्या नियामक मंडळावरचे एक गव्हर्नर. ते डॉक्टर. मराठी. राहायला मेडनहेडला. मुलाखत बरी झाली. निदान मला तसं वाटलं. मग चहा आला. डॉक्टर कप घेऊन माझ्याजवळ आले आणि मराठीत बोलू लागले.

"मूळच्या कुठल्या तुम्ही?"

तालुका सांगितला.

"गाव कुठलं?"

गाव सांगितलं.

"गावात कुठे?"

हा तिसरा प्रश्न. आमच्या घरात या प्रश्नाची तयारी करून घेतली होती. मी नऊ वर्षांची असताना आम्ही इथे आलो. बाबा हीथ्रोला विमानात बॅगा चढवायचे. आमच्या आडनावावरून जात कळत नाही. म्हणून लोक गाव विचारतात, मग गावातली जागा. बाबांनी शिकवलेलं, तालुक्यावर थांबायचं. पुढे विचारलं तर विषय बदलायचा. वेम्बलीला ईलिंग रोडवर भाजी घेताना शेजारी कोणी मराठी बोललं, की बाबा आमच्याशी हिंदीत बोलायला लागायचे. हातात मेथीची जुडी आणि तोंडात मोडकीतोडकी हिंदी. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची.

त्या दिवशी मी तालुक्यावर थांबले नाही. तिसऱ्या प्रश्नाला गप्प राहिले. तेवढं त्यांना पुरलं. त्यांनी मान हलवली, समजुतीनं.

"तुमच्या लोकांत मेहनत मूळचीच असते हो. पळणं, उचलणं. पण डिपार्टमेंट चालवायचं म्हणजे घरातून संस्कार यावे लागतात. वाईट नका वाटून घेऊ."

प्रिन्सिपलबाई लांबून कौतुकानं बघत होत्या. "हाउ लव्हली. यू टू हॅव सो मच इन कॉमन."

आणि मी हसले. हे लिहिलंच पाहिजे. दात दाखवून हसले. ते गेल्यावर चारही खुर्च्या उचलून स्टोअरमध्ये नेऊन ठेवल्या.

पद मार्कला मिळालं. मला फोनवर कळवलं. मी 'रिअली स्ट्राँग' होते, पण त्याच्यात 'नॅचरल अथॉरिटी' आहे. थोडे दिवस मी त्याला सगळं दाखवावं, अशी विनंती. मी दाखवलं.

लोक म्हणतात, अपमान झाला की अंगाची आग होते. माझी नाही झाली. काहीच झालं नाही. मिनीबस चालवली. स्टॉपवॉच धरलं. एका पोरीनं चारशे मीटरमध्ये स्वतःचा सगळ्यात चांगला टाइम काढला. ती धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवर थोपटलं. हात माझाच होता, पण थोपटत होतं दुसरंच कोणी.

रविवारी बाबांकडे गेले. ते मटार सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं.

"मराठीत बोलला?"

"हो."

"मग झालं. साक्षीदारच नाही." पुढची शेंग उचलत म्हणाले, "तू गावाचं नाव सांगितलंसच कशाला?"

त्यानं विचारलं ते चुकलं नाही. मी सांगितलं ते चुकलं. आमच्या घरातला हा न्याय. बाबांचा फार राग आला. मग त्यांच्या बोटांकडे पाहिलं. म्हातारी बोटं, निमूट शेंग उघडणारी. राग तिथे टिकेना. तो जिथे जायला हवा होता तिथे गेला. पंधरा दिवस उशिरा, पण गेला.

"बाबा, साक्षीदार आहे. मला दोन्ही भाषा येतात."

त्यांनी सोललेले दाणे भांड्यात टाकले.

टर्म संपताना स्पोर्ट्स हॉलमध्ये बक्षीस समारंभ होता. गव्हर्नर येणार होते. प्रिन्सिपलबाई आल्या. "चेअर्स फॉर द गव्हर्नर्स? यू नो वेअर..."

"नो," मी म्हटलं. "मार्क हेड आहे. त्याला सांगा."

एवढंच. आवाजही चढला नाही. मार्कनं खुर्च्या लावल्या. बिचाऱ्याला स्टोअर सापडायला वेळ लागला. मग डॉक्टर आले आणि प्रिन्सिपलबाईंशी गप्पा मारू लागले. मी त्या दोघांसमोर जाऊन उभी राहिले आणि इंग्रजीत म्हटलं, मुलाखतीच्या दिवशी यांनी मला मराठीत काय सांगितलं, ते तुम्हाला आता सांगते. एकेक वाक्य सांगितलं. पळणं. उचलणं. संस्कार. 'तुमचे लोक' म्हणजे कोण, तेही सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "देअर इज सम मिसअंडरस्टँडिंग." मग माझ्याकडे वळून, हळू, मराठीत, "अहो, हे असं चारचौघांत..."

"इंग्लिश, प्लीज," मी म्हटलं.



दुसऱ्या दिवशी तक्रारीचा फॉर्म भरला. त्यात कारणांची यादी होती. वंश, धर्म, लिंग, वय. जात नव्हती. मी 'इतर'वर खूण केली. पहिल्या ओळीत त्यांचं वाक्य मराठीत, देवनागरीत, जसंच्या तसं लिहिलं. खाली इंग्रजी. एचआरची बाई म्हणाली, फक्त इंग्रजी ठेवलं तर प्रोसेस सोपी जाईल. मी म्हटलं, ज्या भाषेत मला मारलं ती भाषा कागदावर राहणार.

अजून निकाल नाही. मार्क माझ्या जुन्या टेबलावर बसतो. डॉक्टर बोर्डावर आहेत. बाबा अजून म्हणतात, नोकरी जाईल. जाईलही.

पद पुन्हा निघालं की मी पुन्हा अर्ज करणार. खुर्च्या लावणार नाही. आणि कोणी विचारलं, गावात कुठे, तर सांगणार, गावाबाहेर. मग विचारणार, आता तुम्ही सांगा, का विचारलंत? आणि उत्तर मिळेपर्यंत समोरून हलणार नाही.