तारीख की वार?

आमच्या वर्तमानपत्रात काकांना सगळे उलटेकाका म्हणत. ते मुद्रितशोधक. पान छपाईला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. ते मजकूर शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे वाचत. सरळ वाचलं की अर्थ आपल्याला पुढे ओढत नेतो आणि चूक मागे राहते, असं त्यांचं म्हणणं. पट्टी शब्दाखाली ठेवायची, तेवढा शब्द बघायचा, पट्टी सरकवायची.

"काका, जिनाही उलटाच उतरता का हो?" खेळाच्या पानाचा उपसंपादक दर दोन दिवसांनी विचारायचा.

"कसाही उतरतो. पण एका वेळी एक पायरी. तू चार-चार उतरतोस, म्हणून आपटतोस."

मी साहित्यात एम. ए. करून त्यांच्या शेजारच्या टेबलावर आले. मला ते पंडितबाई म्हणत. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "पंडितबाई, तुम्ही पुढच्या वाक्यात पोचलात. हे अजून संपलेलं नाही."

हे फक्त कामापुरतं नव्हतं. चहा पिताना ते चहाच पीत. कोणी बोलायला आलं की पेन खाली ठेवत. छापून आलेला अंक कधी उघडत नसत. पान हातातून गेलं की गेलं. देवधर्म त्यांनी एवढाच ठेवला होता. समोर जे आहे त्याच्यापाशी असायचं. मन पळालं तर त्याच्यावर चिडायचं नाही, बोट धरून परत आणायचं.

हे त्यांना आईच्या खाटेपाशी सापडलं. शेवटचे दोन महिने आई बोलत नव्हती. काका तिचा हात धरून बसत. श्वास आत जाताना बघत, बाहेर येताना बघत. थोरला भाऊ डॉक्टर, औषधं, तपासण्या यांच्यामागे धावत होता. आई गेली तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मी मरमर मेलो. हा नुसता बसून होता. श्वास मोजायला काय लागतं?"

काका उठून निघून गेले. त्याला अकरा वर्षं झाली.

अलीकडे ते भावाबद्दल बोलायला लागले होते. वहिनींनी कोणाकडून तरी निरोप पाठवला होता. थकलेत, तुमची आठवण काढतात.

"मग जा की काका."

"जायचंय. पण घरातून निघालो की डोक्यात भाषण सुरू होतं. तो असं म्हणेल, मग मी तसं म्हणेन. असलं भरलेलं डोकं घेऊन त्याच्यापुढे काय बसायचं? एक दिवस रिकामा जाईन."

दोनदा ते बसथांब्यावरून परत आले. मला ते फार सुंदर वाटलं होतं. मी वहीत लिहून ठेवलं होतं.

त्या मंगळवारी संध्याकाळी पाचला निधनवार्तांचं पान आलं. तेवीस चौकटी. फोटो शेवटी बसवतात, त्यामुळे त्यांच्या जागा कोऱ्या. काका खालून वर सरकत होते. एका चौकटीपाशी थांबले, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"बारा तारीख म्हणजे उद्या, बुधवार. इथे गुरुवार लिहिलंय." त्यांनी समासात लिहिलं, 'तारीख की वार? विचारा.'

जाहिरात विभागातल्या मुलीने त्या घरी फोन केला. परत येऊन म्हणाली, "बुधवार, काका. अंत्ययात्रा सकाळी अकराला."

काकांनी गुरुवार खोडून बुधवार लिहिलं. "माणसं एक दिवस उशिरा पोचली असती," म्हणाले, आणि पट्टी पुढच्या शब्दाखाली गेली.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. मी उचलला. "काका आहेत का? मी त्यांची पुतणी."

काका उभे राहून बोलले. "बोल गं." मग, "केव्हा?" मग, "मी? मी कुठे वाचलं?"

फोन ठेवून ते खिळ्याला अडकवलेल्या जुन्या पानांकडे गेले. मंगळवारचं पान काढलं. टेबलावर पसरलं. या वेळी वरून वाचलं, सरळ, शब्दांवर बोट ठेवून. मी त्यांच्या मागे उभी होते. वय चौसष्ट. त्यांचंच आडनाव, आमच्या शहरात ते गल्लोगल्ली सापडतं. भावाचं नाव मला माहीत नव्हतं. शेवटी, 'मागे पत्नी, मुलगी आणि धाकटा भाऊ.' 'भाऊ'खाली पेन्सिलीची बारीक खूण होती. 'धाकटा'खालीही. तपासलेल्या प्रत्येक शब्दाखाली काका तशी खूण करत.

"मी बघितलंय हे," ते म्हणाले. "एकेक शब्द बघितलाय."

मी त्यांच्याबरोबर भावाच्या घरी गेले.

दार पुतणीने उघडलं. आत वहिनी पलंगावर बसल्या होत्या. खोलीत खुर्च्या अजून भिंतीला लावलेल्या होत्या, लोक येऊन गेल्यासारख्या.

"नंबर नव्हता आमच्याकडे," पुतणी म्हणाली. "ऑफिसात फोन करणार होते. तेवढ्यात तुमच्याकडूनच आला, तारीख बरोबर की वार. मी आईला म्हटलं, हे काकाच. दुसरं कोण एवढं बघतं? काकांना कळलं, आता येतील."

"अर्धा तास थांबवलं सगळ्यांना," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, बस मिळाली नसेल. वाचलं होतंत ना भावोजी?"

"वाचलं होतं."

"मग?"

"ते उलटं वाचतात हो," मी म्हणाले. "म्हणजे शेवटून... अर्थ लागू नये म्हणून..." माझं मलाच ते ऐकवेना.

"राहू दे, पंडितबाई," काका म्हणाले. "वहिनी, मी वाचलं आणि मला कळलं नाही. एवढंच आहे."

"म्हणजे बाबा काही खोटं बोलत नव्हते," पुतणी म्हणाली. "तुम्ही नुसते बसलेले असता."

वहिनींनी तिला गप्प केलं नाही. काकांनी मान हलवली. मग ते पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले.

"मंगळवारी सकाळी उठला तेव्हा काय म्हणाला?"

"काय म्हणणार? खिडकी उघड म्हणाले. दाढी केली. सदऱ्याचं वरचं बटण लागेना म्हणून माझ्यावर डाफरले. मग पेपर घेतला. ते पान आधी काढायचे, गेलेल्यांचं. रोज. चष्मा लावून चूक शोधायचे. सापडायची नाही. म्हणायचे, 'बसलाय पठ्ठ्या जागेवर.' मग बाकीचा पेपर."

"रोज?"

"अकरा वर्षं. मंगळवारी तेच म्हणाले. मी चहा आणायला आत गेले. आले तर पेपर छातीवर."

पुतणी तोंड फिरवून खिडकीशी गेली. काकांनी स्टूल वहिनींच्या आणखी जवळ ओढलं.

"पुन्हा सांगा, वहिनी," ते म्हणाले. "उठला तिथून."

वहिनींनी डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.