शालीला पडलेली भोकं

दिवाळीनंतर थंडी पडली तशी सासूबाईंनी त्यांची डाळिंबी रंगाची लोकरी शाल कपाटातून काढली. उलगडून पाहतात तर मानेशी येणाऱ्या कडेला भोकं. सासूबाई सटाण्याकडच्या, रागावल्या की अहिराणीत बोलतात. "हाई तुन्हा मशीननं काम शे," त्या म्हणाल्या.

आदल्या थंडीत मी ती शाल एकदा वॉशिंग मशीनमध्ये टाकली होती हे खरं, पण भोकं तेव्हा नव्हती. त्यानंतर त्यांनी शाल माझ्याकडे धुवायला देणंच बंद केलं. संक्रांतीनंतर ती तशीच कपाटात गेली.

पुढच्या वर्षी भोकं वाढली. या वेळी मशीनचा काही संबंधच नव्हता, आणि ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

कपाटामागची भिंत झाडताना मला तांदळाच्या दाण्याएवढ्या पिशव्या चिकटलेल्या दिसल्या. करड्या पिशव्या मी नेहमी कचरा समजून झाडते. एक मात्र डाळिंबी होती. ती कागदावर घेतली. थोड्या वेळानं एका टोकातून तपकिरी डोकं बाहेर आलं आणि पिशवी चालू लागली.

"आई, इकडे या जरा."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "माझीच शाल अंगावर घेऊन फिरतीये की ही."

मोबाइलवर शोधून मी त्यांना वाचून दाखवलं. पतंग बारीक, मळकट, अंधारात राहणारा. कपडे तो खात नाही, या पिशवीत राहणारी त्याची अळी खाते, तेही लोकर आणि रेशीम. घामाचे, तेलाचे डाग असले तर तिला आणखी आवडतं.

सासूबाईंचा हात अंबाड्याकडे गेला. "मानेपाशी तेल लागतं माझं," त्या म्हणाल्या. "आणि मी न धुता ठेवली."

त्या दिवशी दोघींनी कपाट रिकामं करून फळ्यांच्या फटीसुद्धा ब्रशनं घासल्या. शाल मी बादलीत धुतली आणि गच्चीवर कडक उन्हात टाकली. सासूबाईंनी लोकर आणून भोकं रफू केली. रंग जुळला नाही, तरी तीच शाल घेऊन त्या भाचीच्या लग्नाला सटाण्याला गेल्या.

तिथं बसल्या बसल्या त्यांची नजर भिंतीला चिकटलेल्या करड्या पिशवीवर गेली. त्यांनी वहिनींना जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "तुमच्या शाली कुठं ठेवता हो?"