साळवेबाईंची मोकळी ओळ

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. कुठली खिडकी कुठे उघडावी, कुठल्या बटणाने काय व्हावं, हे मी एका साध्या फायलीत ओळीओळीने लिहून ठेवलं आहे. पडदा निळा. ‘तयार मिळतं ते वापरा की,’ असं मुलगी म्हणते. पण हे वळण आमच्या साळवेबाईंचं, ते आता कसं जाणार?

नलिनी साळवे पूर्णेला आमच्या कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क म्हणून आल्या, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी टेबल फिरवून दाराकडे केलं आणि शिक्क्यांसाठी भिंतीत खिळा ठोकला. “मी टेबलासाठी न्हाई, टेबल माझ्यासाठी हाय,” हे वर ऐकवलं. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही चपला बाहेर काढून लांबूनच बघायचो. बाईंनी त्यालाही फिरवून घेतलं. सुरू होताना तो मजकुराची एक फाइल वाचायचा. बाईंनी तीत आपल्या ओळी घातल्या. एका बटणावर प्रवेश, दुसऱ्यावर निकाल. निळ्या पडद्यावर कॉलेजचं नाव, आणि खाली विद्यापीठाच्या नावाची ओळ मोकळी.

“बाई, नाव घाला की,” हेडक्लार्क देशमुखसाहेब म्हणाले.

“यायलंय सायेब, नाव यायलंय.”

विद्यापीठाच्या नामांतरासाठी त्यांचे वडील तुरुंगात गेले होते, त्यावरून झालेल्या दंगलीत माहेरचं घर जळालं होतं. जुनं नाव बाईंच्या हातून टाइप होणं शक्यच नव्हतं. पण विद्यापीठाची तपासणी समिती यायची ठरली, तेव्हा साहेबांनी बजावलं, “नाव घाला, न्हाईतर कॉम्प्युटर सोडा अन् स्टोअरला बसा.” बाई ढिम्म हलल्या नाहीत.

समितीच्या दिवशी सकाळी साहेबांनी स्वतःच जुनं नाव घातलं. तेही पत्र टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये, आणि विद्यापीठाचा मान म्हणून खाली रेघ ओढून! त्या रेघेच्या छुप्या खुणा फायलीत शिरल्या आणि पडद्यावर नुसता कचरा उमटला.

“बाई, काई तरी करा. जीप फाटकात आली!”

बाईंनी पर्समधून मूळ फायलीची फ्लॉपी काढली. “जसं होतं तसंच करीन. ओळ मोकळी. कबूल?”

“कबूल, कबूल!”

समितीच्या अध्यक्षांनी नेमकं त्या मोकळ्या ओळीवर बोट ठेवलं. साहेब पुढे झाले. “नाव यायलंय, सर.”

मला हसू आवरेना.

आणि खरंच आलं. संक्रांतीला रेडिओवर बातमी लागली. ऑफिस उघडलं तेव्हा बाई पांढरी साडी नेसून दारात उभ्याच होत्या. त्यांनी ओळ भरली, मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. निळ्यावर पांढरं नाव उमटलं. साहेबांनी बाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला, चष्मा सारखा केला आणि हळूच म्हणाले, “बाई, नव्या नावात शेवटी जुनंबी राहिलंच की.”

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “पयलं कोण हाय ते वाचा, सायेब. मोठ्यानं वाचा.”

साहेबांनी मोठ्याने वाचलं.