आबांच्या सायकलचं अवयवदान

बारामतीत आता सायकल दोनच प्रकारची माणसं चालवतात. ज्यांना दुसरं काही परवडत नाही ती, आणि ज्यांना सगळंच परवडतं म्हणून डॉक्टरनं सायकल चालवायला सांगितलंय ती. पहिलं गिऱ्हाईक पंक्चर काढून झालं तरी ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवून दाखवायला लावतं. दुसरं कलिंगडाएवढं हेल्मेट घालून येतं, आणि मी पाना उचलला की त्याचाच दात उपटायला घेतल्यासारखं तोंड करतं. चाळीस वर्षं या दोघांच्या जिवावर माझं घर चाललंय, त्यामुळे दोघांनाही मी तोंडावर शहाणं म्हणतो.

पण माझी खरी अडचण तिसऱ्याच जातीची. सायकल दुरुस्तीला देऊन गायब होणारी माणसं. कुणी मोटरसायकल घेतो, कुणाची बदली होते, कुणी नुसताच विसरतो. सायकल हुकाला लटकलेली राहते. मग एक दिवस कुणीतरी घाईत येतो, त्याला जुन्या पद्धतीचं पेडल हवं असतं, बाजारात ते मिळत नाही, आणि माझी नजर हुकाकडे जाते. 'उद्या नवीन आणून बसवू' असं मी त्या लटकलेल्या सायकलला मनातल्या मनात सांगतो. तो उद्या अजून उगवलेला नाही. आमच्या धंद्यात असं कधीच केलं नाही म्हणणारा मेकॅनिक मला भेटलाय, पण त्याच्या दुकानातली एक सायकल सोलली जाताना मी स्वतः पाहिली आहे. दुरुस्तीला टाकलेली सायकल सहा महिन्यांत नेली नाही तर दुकानदार जबाबदार नाही, अशी पाटी माझ्याकडे आहे. पाटीवर ट्यूबा लटकवल्यामुळे ती सध्या मलाच वाचता येते.

जळोचीच्या आबांनी चार वर्षांपूर्वी आपली चोवीस इंची काळी सायकल माझ्याकडे ओव्हरहॉलिंगला टाकली आणि डोळ्याच्या ऑपरेशनला मुलाकडे पुण्याला गेले. पंधरा दिवसांत येतो म्हणाले होते. पहिल्या वर्षी मी वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी मी घंटी काढली. मग काय, भीड चेपली. तिसरं वर्ष संपेपर्यंत माळ्यावर फ्रेम, मागचं चाक आणि चेन एवढंच शिल्लक होतं. बाकीची सायकल इंदापूर तालुका बघायला गेली होती.

आणि मागच्या शुक्रवारी आबा दुकानासमोर उतरले. उतरले म्हणजे पुतण्याच्या मोटरसायकलवरून उतरवले गेले. दोन्ही हातांनी त्याचा शर्ट घट्ट धरलेला, टोपी वाऱ्यानं मागं सरकलेली. कायमचे जळोचीला परत आलेत, आता पुतण्याच्याच घरी राहणार, असं कळलं. मग त्यांनी दोनच शब्द उच्चारले. "सायकल दे."

इथे खरं बोलायला मला पुरेसा वेळ होता. तोंड उघडलं तेव्हा इरादाही तोच होता. बाहेर पडलं ते असं: "तयार हाय आबा. निस्तं तेल द्यायचं ऱ्हायलंय. गुरुवारी बाजाराला याल तवा न्या."

"चार वर्षं तेलच देतुयास व्हय रं?"

पुतण्या समोर चहाला गेला, तसे आबा माझ्या जवळ सरकले. घरची माणसं चांगली आहेत, जेवायला-खायला काही कमी नाही, असं आधी सांगून घेतलं. मग आवाज उतरला. "पर दाढीला जायचं तर पुतण्या सोडणार, देवळात जायचं तर पुतसून सोडणार. पोत्यागत मागं बसून फिरतुय. त्यास्नी सवड घावंल तवा माझी दाढी. मला कुणाच्या मागं बसायचं न्हाय बाबा. माझी सायकल मला दे."

ते गेले आणि मी मटकन माझ्या स्टुलावर बसलो. बसल्यावर आठवलं की या स्टुलाला ठोकलेलं चामड्याचं सीट आबांच्याच सायकलचं आहे. दोन वर्षं मी त्या माणसाच्या सीटवर बसून त्याला विसरलो होतो.

सीट काढायला दोन मिनिटं लागली. घंटी आमच्या घराच्या फाटकावर होती, तिला दोन दिवस लागले. लाइट गेली की विजेची बेल वाजत नाही, म्हणून बायकोनं ती हौसेनं लावून घेतली होती. ती म्हणाली, आवो, दुकानात शंभर घंट्या असताना माझीच का डोळ्यावर आली? मी खरं कारण सांगितलं. त्यावर ती काहीच बोलली नाही, आणि नवरा चोर निघाल्यावर बायको काही बोलली नाही की ते किती वाईट असतं हे मला तेव्हा कळलं. शेवटी तिनंच स्क्रू ड्रायव्हर आणून दिला.

पुढचं चाक आणि हँडल लासुर्ण्याच्या एका तात्यांकडे होतं. त्यांनी त्याचं सायकल-कोळपं केलं होतं, म्हणजे पुढं सायकलचं चाक, मागं तण कापणारी लोखंडी पास, आणि हँडल धरून ढकलत जायचं. तण निघत जातं. जोड मीच करून दिली होती आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. आता बदल्यात दुसरं चाक आणि हँडल घेऊन मी एसटीत चढलो. कंडक्टरनं विचारलं, उरलेली सायकल कुठंय? मी म्हणालो, मागच्या गाडीनं येतीय. त्यानं मला मागच्या दाराशी, चाकासकट, उभं केलं.

तात्या कांद्याच्या वाफ्यात होते. त्यांचं म्हणणं, या चाकाला त्यांचं रान पाठ झालंय, नवीन चाक वाकडं जाईल. मी जागेवरच चाक बदललं आणि नवीन चाक कसं सरळ चालतं ते दाखवायला कोळपं स्वतः हातात घेतलं. चाळीस वर्षं वाकड्या चाकांचा आऊट काढून ती सरळ करणारा माणूस मी, मला काय अवघड? पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत मी तण ठेवलं आणि कांदा काढला. तिसरीत शिरणार तेवढ्यात तात्यांनी जुनं चाक आणि हँडल माझ्या बगलेत कोंबलं. "घेऊन जा बाबा कुठं न्यायचं ते. पर आदी माझ्या रानातनं भाईर हो."

पेडल, ब्रेक असलं किरकोळ दुकानातूनच भागलं. राहिलं कॅरिअर. ते डाळजला एका मासे विकणाऱ्या मावशींच्या सायकलवर होतं. मावशींनी अजिबात घासाघीस केली नाही. मी नेलेलं रुंद कॅरिअर बघून त्यांनी जुनं लगेच सोडून दिलं, आणि मी खुशीत परतलो. खुशी भिगवणपर्यंत टिकली. गाडीत माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत कुणी घेतली नाही तेव्हा माझ्या लक्षात आलं की दीड-दोन वर्षं उजनीच्या मासळीचं पाणी त्या कॅरिअरवर ठिबकलंय. आणि आबा माळकरी. मी ते रॉकेलनं पुसलं, कपड्याच्या पावडरनं घासलं, लिंबू चोळलं. त्यानंतर त्याला लिंबू पिळलेल्या माशाचा वास यायला लागला.

गुरुवारी सकाळी सायकल दुकानासमोर उभी होती. खरं सांगतो, देखणी दिसत होती. पुतण्या आबांना सोडून, संध्याकाळी न्यायला येतो म्हणून गेला. आबांनी सायकलला एक फेरी मारली. घंटी वाजवली. सीट दाबलं. मागं आले आणि थांबले.

"ही कुठं गेलती रं?"

"कुठं जातीया आबा. माळ्यावरच हुती."

"माळ्यावर मासं धरतुस काय?"

मी चाकाच्या तारा मोजायला लागलो. आबांना सायकलवर बसायची घाई होती. त्यांनी हँडल धरलं, डावा पाय पेडलवर ठेवला, दोन-तीन ढकले दिले आणि टांग टाकली. पाय सीटच्या जरा खाली येऊन थांबला. ते उतरले. पुन्हा ढकले दिले, पुन्हा पाय तिथंच थांबला. तिसऱ्या वेळी सायकल कलली आणि मी धावत जाऊन ती धरली. बाजाराचा दिवस, रस्त्यावर ही गर्दी. भाजीवाल्या बाया बघायला लागल्या.

आबांनी टोपी नीट केली. माझ्याकडे न बघता सायकलकडे बघत राहिले.

"तू फ्रेम बदललीस. उंच केलीस."

त्या सायकलच्या ज्या गोष्टींना मी हात लावला नव्हता, त्या म्हणजे मागचं चाक, चेन आणि ती फ्रेम. आठवडाभर खोटं बोललो ते सगळं पचलं होतं, आणि जिथं माझी काहीच चूक नव्हती तिथं पकडला गेलो. माझ्यासारख्या माणसाला हे सहन होत नाही. 'आबा, फ्रेम तीच हाय' हे शब्द अगदी दातांपर्यंत आले. मग त्यांचा हात दिसला. हँडल सोडत नव्हता.

"व्हय आबा," मी म्हणालो. "चुकून उंच बसली. बसा जरा, खाली करून देतो."

सायकलची फ्रेम खाली करता येत नाही. हे मला माहीत होतं, आणि त्या सायकलवर जन्म घालवलेल्या माणसालाही माहीत असणार. तरी ते निवांत बाकावर बसले आणि म्हणाले, कर.

माळ्यावर लेडीज सायकलची एक फ्रेम होती, मधली दांडी नसलेली. ती कुणाची, हे विचारू नका. जी सायकल जमवायला मला सहा दिवस लागले ती मी दोन तासांत पुन्हा उघडली. दोन्ही चाकं, हँडल, सीट, घंटी, सगळं या फ्रेमवर चढवलं. कॅरिअर मात्र नवीन घातलं. आबा सगळा वेळ बघत होते. मध्येच एकदा म्हणाले, ब्रेक आवळ, मागच्या खेपेला ढिला ठेवला हुतास.

काम झाल्यावर त्यांनी मोकळ्या जागेतून हात फिरवून बघितला, जिथं दांडी असते तिथं.

"काढलीस व्हय?"

"काढली. नडत हुती."

"नडत हुती," ते म्हणाले, आणि पाय उचलून सरळ आत घातला.

पहिली दहा पावलं सायकल अशी झिंगली की मी एका कोथिंबिरीच्या पाटीला मनातल्या मनात श्रद्धांजली वाहिली. मग हँडल सरळ झालं. घंटी वाजवत, बायांना बाजूला करत आबा चौकापर्यंत गेले. तिथं डावीकडे जळोची. आबा उजवीकडे वळले.

संध्याकाळी पुतण्या आला तेव्हा बाक मोकळा होता. आबा कुठंयत, त्यानं विचारलं. मी म्हणालो, गेले. कुणासंगं? कुणासंगंच नाही. तो घाबरून मोटरसायकल वळवायला लागला. कुठल्या रस्त्यानं गेले ते तरी सांगा, म्हणाला.

मला माहीत होतं. तरी मी त्याला त्यानं न मागितलेला चहा पाजला, आणि तोही अगदी सावकाश.