पुठ्ठ्यावरचं माप

चामोर्शीच्या बाहेर, धानाच्या बांध्या संपतात तिथं, मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. लोक त्याला महारोग्यांचा दवाखाना म्हणत. त्याच्या मागच्या पडवीत गुलाब रामटेके चपला करायचा. बधिर झालेल्या पायांच्या चपला. माणसाला पुठ्ठ्यावर उभं करायचं, कानावरची पेन्सिल काढून पावलाभोवती फिरवायची, कुठे बोट नाही, कुठे जखम आहे ते खुणेनं मांडायचं आणि मग मऊ रबराचा तळ कापायचा. त्याच्या चपलेत खिळा नसे. खिळा वर आला तर ज्याच्या पायाला काही कळत नाही तो कोसभर त्याच खिळ्यावर चालत जातो.

गुलाब अबोल. त्याची बायको सत्यशीला त्याच दवाखान्यात नर्स होती, ती त्याच्या वाटचंही बोलायची. जुनी रोगी रुखमाबाई बरी होऊन दवाखान्याच्या आवारातच राहिली होती. ती त्याला चिडवायची, "गुलाबभाऊ, चपलीबरोबर तोंडबी चिकटवून घेतलं का वो?" गुलाब हसायचा आणि पेन्सिल कानावर ठेवायचा.

१९८३ साली टांझानियातल्या एका मिशन दवाखान्यातून मागणी आली. चपला करणारा माणूस हवा आणि नर्स हवी, नवराबायको असतील तरच पाठवा. असं जोडपं इथं एकच होतं. पाळक बापूरावांनी रविवारच्या उपासनेत विचारलं, "कोण जाईल?" सत्यशीला उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून गुलाबही उभा राहिला.

चर्चच्या मंडळीतल्या बाया स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकत. महिन्याअखेर गाडगी चर्चमध्ये रिकामी होत. त्या तांदळावर दोघांच्या प्रवासाला हातभार लागला. गुलाबची आई बायनाबाई ख्रिस्ती नव्हती. छप्पन साली दीक्षा घेतलेली, विहारात जाणारी बाई. पोरगा ख्रिस्ती झाला तेव्हा वर्षभर त्याच्याशी बोलली नव्हती. पण गाडगं तिनंही ठेवलं. "तुमच्या देवासाठी नाई टाकून राह्यली, माह्या पोरासाठी टाकून राह्यली," असं बजावून ती तांदूळ पोचता करायची.

दोघं गेले. तिथं मोठ्या तळ्याकाठी गाव होतं, रोगी होते, पाय होते. पायांची भाषा गुलाबला येत होती, त्यामुळे काम अडलं नाही. अडलं ते पत्रांपाशी. चामोर्शीला आलेलं पत्र बापूराव महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचत. त्यासाठी आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं येत. बायनाबाईही मागे, दाराजवळ येऊन बसायची, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि पोराची खबर तिथंच मिळायची. ज्यांनी मूठमूठ तांदूळ टाकला त्यांना काय लिहायचं? गुलाब चपलेसारखं पत्र करायचा. मऊ. खिळा कुठेच नाही.

पंच्याऐंशीच्या एप्रिलात सत्यशीलेला मुलगी झाली. लग्नानंतर अकरा वर्षांनी, आणि आठव्या महिन्यात. सातवा सरेपर्यंत कुणाला सांगू नये अशी तिच्या माहेरची रीत, म्हणून पत्रात काही लिहिलेलं नव्हतं. पावसानं रस्ता तुटला होता, मोठ्या दवाखान्यात नेता आलं नाही. मुलगी नऊ दिवस जगली. सत्यशीलेनं तिचं नाव करुणा ठेवलं. चर्चमागच्या आंब्याखाली तिला पुरून आल्यावर गुलाब पत्र लिहायला बसला. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, "इथेही आंबे आहेत. आपल्याकडच्यासारखेच गोड. प्रभूची कृपा आहे."

ते पत्र मंडळीला फार आवडलं म्हणे.

शहाऐंशीच्या नोव्हेंबरात दोघं तीन महिन्यांच्या सुट्टीवर परत आले. बसथांब्यावर हार घेऊन माणसं उभी. त्याच्या पडवीत आता त्यानंच शिकवलेला नथ्थू चपला करत होता, दवाखान्यातली खोलीही नथ्थूलाच दिलेली. दोघं बायनाबाईच्या घरी उतरले. पहिल्याच दिवशी म्हातारीनं सुनेला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तिथले आंबे लय गोड हायत म्हने. खाऊन काई गुण नाई आला का व?"

सत्यशीला उठून मागच्या आंगणात गेली. गुलाबनं तोंड उघडलं आणि पाण्याचा गिलास तोंडाला लावला.

बापूरावांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. पुढच्या रविवारी कापणीचा सण. त्या दिवशी नव्या धानाची पेंढी वेदीपुढच्या मेजावर ठेवायची आणि ती ठेवणाऱ्यानं वचन द्यायचं. मेजावर ठेवलेलं परत उचलायचं नाही, अशी तिथली जुनी चाल. यंदा पेंढी गुलाब आणि सत्यशीला ठेवणार होते. टांझानियात आणखी तीन वर्षं काढायचं वचन.

"मी नाई जात," सत्यशीला चुलीपाशी म्हणाली. "पन ते नंतरचं हाय. पयले तिचं सांगा. तुमी लिवलं नाई, तुमीच सांगा. न सांगता माह्या डोक्यावर कोनी हात ठेवून प्रार्थना केली त मी तिथंच ओरडन."

"सांगतो."

"कवा?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी तो बापूरावांकडे गेला. बापूरावांनी चहा मागवला आणि त्याच्या पत्रांनी किती घरांत आशा जागली ते अर्धा तास सांगितलं. "चैतू पाटलाची बायको तुझं आंब्याचं पत्र ऐकून दवाखान्यात आली, ठाऊक आहे? चट्टे लपवत होती चार वर्षं." गुलाब म्हणाला, "हो का," आणि चहा संपवून परत आला. आईला सांगायला बसला तर आई गाडगं दाखवू लागली. "पाय ना, अजून टाकून राह्यली. सवयच लागली हाताले." वाटेत भेटेल तो विचारी, "पुन्हा कधी निघता?" कुणी वाईट नव्हतं. तीच अडचण होती. वाईट माणसाला नाही म्हणता येतं.

शनिवारी सत्यशीलेनं विचारणं सोडून दिलं.

रविवारी चर्च भरलं. भोपळे, कोंबड्या, तुरीच्या शेंगा, सगळं मेजाभोवती मांडलेलं. रुखमाबाई पहिल्या ओळीत, पायात गुलाबनंच केलेल्या जुन्या चपला. बायनाबाई मागे दाराजवळ. बापूरावांनी पेंढी गुलाबच्या हातात दिली आणि म्हणाले, "हे दोघं तिथल्या कामाची साक्ष देतील, त्याआधी मी यांचं ते पत्र पुन्हा एकदा वाचतो." त्यांनी आंब्याचं पत्र वाचलं. लोक मान डोलावत होते. गुलाबला आपलेच शब्द ऐकू येत होते आणि दाराकडे जायला वाट नव्हती. बाया-पोरं खाली दाटून बसलेली.

पत्र संपलं. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. सत्यशीला त्याच्या बाजूला ताठ उभी.

गुलाबनं पेंढी बगलेत धरली, बायबलच्या कव्हरमध्ये बोटं घातली आणि एक पुठ्ठा काढला. पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढा. त्यावर पेन्सिलीनं काढलेलं एक पाऊल होतं, करंगळीएवढं. त्यानं तो लोकांसमोर धरला.

त्या चर्चमध्ये पुठ्ठ्यावरचं पाऊल कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. निम्म्यांची मापं त्यानंच काढलेली. रुखमाबाई पुढे वाकली.

"कोनाचं माप हाय भाऊ? एवढुसं?"

"माह्या पोरीचं," गुलाब म्हणाला. "करुना नाव होतं. नऊ दिवस होती. त्या आंब्याखाली हाय. मी लिवलं नाई."

सत्यशीलेनं झटकन त्याच्याकडे पाहिलं. माप काढल्याचं तिलाही माहीत नव्हतं. नवव्या दिवशी ती स्वतः ग्लानीत पडलेली असताना त्यानं ते काढलं होतं. हातांना तेवढंच येत होतं.

कुणीतरी रडू लागलं. मग बऱ्याच जणी. बापूरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. पण त्यांना गप्प राहायची सवय नव्हती. ते हात वर करून म्हणाले, "मंडळी, दाणा मातीत पडल्याशिवाय पीक येत नाही. प्रभूनं यांचं बी त्या भूमीत पेरलं आहे. ती भूमी आता आपली झाली. यांना तिथं पुन्हा पाठवायलाच हवं. ही पेंढी आणि हा पुठ्ठा, दोन्ही आज मेजावर ठेवू या." आणि त्यांनी प्रेमानं पुठ्ठ्याला हात घातला.

गुलाबनं पुठ्ठा सोडला. देऊन टाकायचीच त्याची सवय होती. बापूरावांचा हात मेजाकडे वळला.

सत्यशीलेनं त्यांचं मनगट धरलं. पाळकाचा हात असा कुणी धरलेला त्या चर्चमध्ये कुणी पाहिला नव्हता.

"पास्टरभाऊ, ते मेजावर नाई जात."

"बाई, देवाला..."

"ते पेरायचं बी नाई, पास्टरभाऊ. ती माही पोरगी होती." तिनं पुठ्ठा काढून घेतला. "अन् आमी नाई जात. तुमच्या तांदळाची आन, तिथल्या पायांची जेवढी सेवा व्हायची तेवढी केली आमी. आता नाई."

पहिल्या ओळीतून रुखमाबाईचा आवाज आला, "खाली बसू द्या ना वो पास्टरभाऊ त्याहीले. उभं राहून राहून पाय दुखले असतीन."

बापूरावांनी गुलाबच्या बगलेतली पेंढी हळूच काढून रुखमाबाईच्या हातात दिली. त्या वर्षी पेंढी तिनं ठेवली. वचन काय दिलं ते कुणालाच ऐकू आलं नाही.

पुढे टांझानियाला दुसरीकडचं जोडपं गेलं. गुलाब नथ्थूच्या हाताखाली रोजीनं बसू लागला, आणि काही घरांनी मुठीचा तांदूळ बंद केला, हेही खरं. वाटेत भेटले की ते लोक धानाचं बोलत, दुसरं काही नाही.

पण ते पुढचं. त्या रविवारी दोघं घरी आले तेव्हा बायनाबाई आधीच पोचून ओसरीत बसली होती. तिनं हात पुढे केला. सत्यशीलेनं पुठ्ठा दिला. म्हातारीनं तो उजेडाकडे धरला, मग आपल्या तळहातावर ठेवून त्या रेघेवरून हळूहळू बोट फिरवलं, अंगठ्यापासून टाचेपर्यंत.

"टाच गुलाबची हाय," ती म्हणाली. "अन् तोंड? तोंड कोनासारखं होतं व? सांग मले. सगडं सांग."

सत्यशीला तिच्याजवळ खाली बसली. गुलाब दारातच उभा राहिला.